छातीतील कळ आणि वेळेचे मोल

(ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेडण्याच्या डोंगरावरील काजूच्या बागेत किंवा डिचोलीच्या एखाद्या कुळागरात काम करता करता पन्नाशीच्या गृहस्थाच्या छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो, डावा हात जड होतो. अशा वेळी घरची मंडळी प्रथम काय म्हणतात? वायू धरला असेल, पित्त उसळले असेल. ओवा चावायला दिला जातो, लिंबू-सोडा येतो, आणि जरा पडून राहण्याचा सल्ला मिळतो. यात मायेची उणीव नसते, उणीव असते ती माहितीची. परंतु त्या तास-दोन तासांत हृदयाचा जो भाग निकामी होतो, तो पुढे कितीही मोठ्या इस्पितळात गेले तरी परत मिळत नाही.

कुळागराचा पाट मातीने बुजला की खालच्या पोफळी सुकू लागतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की तेथेही तसेच घडते. पोफळ मात्र काही दिवस दम धरते. हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आतच मरू लागतो. जितका स्नायू वाचेल तितके त्या माणसाचे पुढील आयुष्यातील बळ. तो पुन्हा नांगर धरील की दोन पायऱ्या चढून धापा टाकील, हे पुष्कळदा त्या पहिल्या काही तासांतच ठरून जाते.

ही गुठळी ओळखण्याचे साधन म्हणजे हृदयाचा विद्युत् आलेख, ज्याला सर्वजण ईसीजी म्हणतात. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो अचूकपणे काढण्याचे यंत्र सिद्ध केले. ते सुमारे २७० किलो वजनाचे होते, ते चालविण्यास पाच माणसे लागत, आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. हे अवजड यंत्र इस्पितळात नेणे शक्य नव्हते. तेव्हा आइंथोव्हेन यांनी १९०५ मध्ये इस्पितळातील रुग्णाच्या हृदयाचे स्पंदन दूरध्वनीच्या तारेने दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत आणून नोंदविले. पुढे इंग्लंडमधील केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने हे यंत्र आटोपशीर करून बाजारात आणले, आणि १९२४ मध्ये आइंथोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठाने शोधावे आणि कारखान्याने ते घडवून लोकांपर्यंत पोहोचवावे, या रीतीचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या तारेच्या टोकाशी जो प्रश्न होता, तोच प्रश्न गोव्यात तालुक्यांपुढे होता. यंत्र आता पिशवीत मावते; पण आलेख वाचणारा हृदयरोगतज्ज्ञ बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यक विद्यालयाची परंपरा सांगणारी ही संस्था राज्याचा आधार आहे खरी, परंतु पेडण्याहून तेथे पोहोचण्यास कोलवाळला शापोरा नदी आणि पणजीला मांडवी ओलांडावी लागते. एवढ्या वाटेत वेळ जाणारच.

म्हणून २०१८-१९ च्या सुमारास राज्य शासनाने 'स्टेमी-गोवा' प्रकल्प हाती घेतला. मोठी धमनी पूर्ण बंद पडून येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्याला वैद्यकात स्टेमी म्हणतात. सरकारी इस्पितळात वा आरोग्य केंद्रात काढलेला आलेख बंगळूरूच्या ट्रायकॉग कंपनीच्या यंत्रणेद्वारे मोबाइलच्या जाळ्यावरून पुढे जातो. संगणक त्याची प्राथमिक छाननी करतो, तज्ज्ञ डॉक्टर तो तपासतो, आणि काही मिनिटांत निदान केंद्रातील डॉक्टरच्या हाती येते. संगणक सहस्रावधी आलेखांवरून शिकलेला असला तरी अखेरचा शब्द डॉक्टरचाच, हे योग्यच आहे.

निदान होताच गुठळी विरघळविणारे औषध तेथेच देता येते. पूर्वीचे स्ट्रेप्टोकायनेज अर्धा ते एक तास शिरेतून सोडावे लागे. शरीरातीलच एका प्रथिनात फेरफार करून बनविलेले टेनेक्टिप्लेज एकाच इंजेक्शनात देता येते, आणि म्हणूनच ते लहान केंद्राला सोयीचे ठरले. पुण्याची गेनोव्हा कंपनी हे औषध भारतात तयार करते. बाजारात महाग असलेले हे औषध या प्रकल्पात रुग्णाला विनामूल्य दिले जाते. त्यानंतर पुढील तपासणीसाठी रुग्णाला बांबोळीला हलविण्यात येते.

आता राहिले ते अंतर घरापासून आरोग्य केंद्रापर्यंतचे, आणि ते कोणतेही यंत्र कापू शकत नाही. गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ पासून धावते आहे. पण तो क्रमांक फिरविण्याची बुद्धी ओव्याच्या आधी व्हावी लागते. मधुमेही, वृद्ध आणि विशेषतः स्त्रिया यांच्या बाबतीत छातीत कळ न येताही झटका येतो. अचानक धाप लागणे, जबडा वा पाठ दुखणे, कारण नसता घाम सुटून गळून जाणे, हीही त्याची लक्षणे होत. घरातील बाई 'काही नाही, दमले आहे' म्हणून चुलीपुढेच राहते, तिच्याकडे शेजाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना ही लक्षणे सांगितली, तर आजी-आजोबांजवळ दिवसभर असणारे एक जाणते माणूस प्रत्येक घरात तयार होईल. पंचायतींनी १०८ हा क्रमांक वाड्यावाड्यांवर ठळक लिहून ठेवावा.

रुग्णाने स्वतः स्कूटर चालवीत केंद्र गाठण्याचे धाडस करू नये. पहिला आलेख निर्दोष आला तरी कळ थांबत नसेल तर डॉक्टर पुन्हा आलेख काढतात. तोपर्यंत घरी जाण्याची घाई करू नये. सोबत जाणाऱ्याने चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत, आणि पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा पोटातून रक्त जाणे असे काही घडले असल्यास ते डॉक्टरांना न विचारता सांगावे, कारण अशा रुग्णाला गुठळी विरघळविणारे औषध देणे धोक्याचे ठरू शकते.