जाळ्यातले शब्द

(प्रौढ वाचनवर्गापुढे केलेले भाषण)



गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर एक काकी माझ्याजवळ आल्या. हातात नातवाचा जुना फोन होता. त्यावर आलेला मजकूर त्यांनी स्वतः वाचला होता. अक्षर न् अक्षर बरोबर वाचले होते. मग हळूच म्हणाल्या, "गुरुजी, लिंक म्हणजे काय ओ?"

मी म्हटले, "काकी, तोवर त्याला बोट लावू नका. शनिवारी सर्वांसमोरच सांगतो." कारण हा प्रश्न एकट्या काकींचा नाही. म्हणून आज धडा बाजूला ठेवू आणि या फोनमधल्या शब्दांविषयी बोलू. दुसरेही एक कारण आहे. ते पुढे सांगेन. त्याला मला थोडा धीर लागणार आहे.

इंटरनेट, वेब, लॉगिन, पासवर्ड हे शब्द कानांवर आले की माणूस बिचकतो. त्याला वाटते, हे फार शिकलेल्यांचे काम. मलाही तसेच वाटे. मी मॅट्रिक झालेला मास्तर. जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले. पण हे शब्द आले तेव्हा मी गप्प बसलो. पुढे मुद्दाम माहिती काढली, तेव्हा नवल वाटले. ही यंत्रे करणारे लोक मोठे विद्वान होते खरे. पण नावे ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी घरातले, वखारीतले, समुद्रावरचे शब्द उचलले. तुमच्याआमच्या ओळखीच्या वस्तूंचे शब्द. फक्त ते इंग्रजीत आहेत, म्हणून आपल्याला परके वाटतात.

'नेट' हाच शब्द घ्या. नेट म्हणजे जाळे. १९६९ साली अमेरिकेत सरकारी पैशाने दूरदूरचे संगणक तारेने जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या जाळ्याला आर्पानेट म्हणत. हळूहळू तशी आणखी जाळी झाली. पण एका जाळ्याची भाषा दुसऱ्याला कळेना. तेव्हा व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी जाळ्याला जाळे जोडण्याची रीत शोधली आणि १९७४ साली ती मांडली. १९८३ च्या १ जानेवारीपासून आर्पानेटवर तीच रीत सुरू झाली. 'इंटर' म्हणजे एकमेकांमधले. इंटरनेट म्हणजे जाळ्यांना जोडणारे जाळे.

हे तुम्हांला मी काय सांगावे? रापण ओढायची तर एकट्याच्या जाळ्याने भागते काय? तुकड्याला तुकडा जोडावा लागतो, तेव्हा कुठे ती लांबच लांब रापण होते. इंटरनेट ही अशी जगभर पसरलेली रापण आहे. आणि ती नुसती आभाळातून चालते असे समजू नका. देशादेशांना जोडणाऱ्या तिच्या जाड तारा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या आहेत. त्यांतल्या काही मुंबईला वेसाव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. आपल्या देशात सर्वसाधारण लोकांना हे इंटरनेट मिळू लागले १९९५ च्या १५ ऑगस्टपासून.

आता 'वेब'. पुष्कळ लोक नेट आणि वेब एकच समजतात. वेब म्हणजेही जाळेच, पण किड्याचे. इंग्रजीत मासे धरण्याचे जाळे वेगळे, कोळ्याचे वेगळे. आपल्या मराठीत बघा, जाळे दोन्हीला एकच, आणि कोळीही दोघेच! एक होडीवर जातो, दुसरा आढ्याला लटकतो. तर नेट म्हणजे तारा आणि यंत्रे, आणि वेब म्हणजे त्या तारांवरून दिसणारी, एकमेकांत गुंतलेली पाने. टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज गृहस्थाने जिनिव्हाजवळच्या संशोधन संस्थेत १९८९ साली ही कल्पना लिहून दिली. नाव काय ठेवावे याचा त्याने बराच विचार केला. माहितीची खाण, माहितीची जाळी, अशी नावे त्याच्या मनात येऊन गेली. शेवटी १९९० साली 'वर्ल्ड वाइड वेब', म्हणजे जगभरचे कोळ्याचे जाळे, हे ठरले. १९९३ साली त्या संस्थेने हा शोध सर्व जगाला फुकट दिला. पेटंट घेतले असते तर किती पैसा मिळाला असता, याचा हिशेब माझ्यासारख्या पेन्शनरला करता येणार नाही.

या वेबची पाने ज्याने एकमेकांना जोडली जातात ती 'लिंक'. काकी, आता ऐका. लिंक म्हणजे साखळीतली कडी. जमीन मोजायला पूर्वी लोखंडी साखळी आणीत, ती तुम्ही पाहिली असेल. तिच्या एकेका कडीला इंग्रजीत लिंक म्हणतात. फोनवरच्या निळ्या अक्षरांना बोट लावले की ती कडी ओढली जाते आणि पलीकडचे पान आपल्यासमोर येते. पलीकडचे टोक कोणाच्या हातात आहे, हे मात्र कडीकडे बघून कळत नाही. एवढे ध्यानात ठेवा.

'लॉगिन' या शब्दाची कथा तर तांडेलांनी ऐकावी अशी आहे. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला खलाशी लाकडाचा एक तुकडा दोरीला बांधून पाण्यात टाकीत. दोरीला ठरलेल्या अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजीत. म्हणून तर जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये सांगतात. नॉट म्हणजे गाठ. लाकडाच्या ओंडक्याला इंग्रजीत म्हणतात लॉग. त्याने मोजलेला वेग ज्या वहीत लिहीत ती झाली लॉगबुक. पुढे जहाजाच्या सगळ्याच नोंदींच्या वहीला ते नाव पडले. संगणकवाल्यांनी शब्द तिथून घेतला. लॉग इन करणे म्हणजे वहीत नोंद करून आत येणे. मी शाळेत रोज सकाळी मस्टरवर सही करीत असे, तसेच हे.

आणि गंमत अशी, की या जाळ्यावरून गेलेला पहिला शब्द हाच असायचा होता. २९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी साडेपाचशे किलोमीटरवरच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवीत होता. पहिले अक्षर 'एल' गेले. दुसरे 'ओ' गेले. तिसरे जायच्या आत पलीकडचे यंत्र बंद पडले! तासाभराने पुन्हा केले, तेव्हा जमले. तर मंडळी, पाटीवर 'क' काढताना तुमचा हात अडखळतो, त्याची लाज धरू नका.

पत्त्यात मध्ये येते ती शेपटीवाली खूण, तिला आपण सगळे 'ॲट द रेट' म्हणतो. का? तर ती व्यापाऱ्यांची खूण. बारा नारळ, दर अमुक, असे मांडताना इंग्रजी हिशेबात ती लिहीत. १९७१ साली रे टॉमलिन्सनने एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवले. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये काय घालावे? टंकयंत्रावर ही खूण होती आणि नावांत कोणी वापरीत नसे. त्याने ती उचलली. तिचा अर्थ नुसता 'इथे', म्हणजे अमका माणूस अमक्या ठिकाणी. पण आपल्याकडे वखारीतला 'दर' काही सुटला नाही. इटलीत तिला गोगलगाय म्हणतात. तेही शोभते.

आता 'पासवर्ड'. हा शब्द फौजेचा आहे. रात्री गडाच्या दरवाज्याशी कोणी आले की पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर निघाला तर दिंडी उघडे. त्यालाच इंग्रजीत पासवर्ड म्हणतात. १९६० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एकच संगणक अनेक लोक वापरीत. प्रत्येकाचे कागद प्रत्येकाला खाजगी राहावेत म्हणून तिथे ही जुनी युक्ती संगणकाला लावली. आणि 'ओटीपी' म्हणजे दुसरे काही नाही. एकदाच चालणारा परवलीचा शब्द. फोनवर येतो, थोडा वेळ टिकतो, एकदा दार उघडतो आणि संपतो.

इथेच मला माझी गोष्ट सांगायची आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेन्शन जमा होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी फोनवर मजकूर आला, "तुमचे खाते आज रात्री बंद होईल. खालील लिंकवर माहिती भरा." मी घाबरलो. कडी ओढली. बँकेच्या पानासारखे पान आले. नाव भरले, खात्याचा आकडा भरला. लगेच एका माणसाचा फोन आला. "सर, तुम्ही हेडमास्तर होता ना? तुम्हांला सांगायला नको. आता एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा." मला वाटले, ओटीपी म्हणजे पावतीचा नंबर असावा. शेजारी नात अभ्यास करीत बसली होती. तिला विचारले असते, "बायो, ओटीपी म्हणजे काय गं?" तर एका क्षणात तिने सांगितले असते. पण आयुष्यभर मुलांनी मला अर्थ विचारले. मी मुलीला कसा विचारू? मी खणखणीत आवाजात आकडा वाचून दाखवला. गडाच्या दरवाज्यावर उभा राहून परवलीचा शब्द मी चोराला ओरडून सांगितला. अठरा हजार चारशे रुपये गेले.

गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे चार दिवस मी कोणाला बोललो नाही. जेवण जाईना. शेवटी मुलाला सांगितले. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. तक्रार दिली, एक रुपया परत आला नाही. पोलिसांनी एवढेच विचारले, "गुरुजी, पहिल्याच तासात का नाही कळवलंत?"

मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "तुमका पण?" हो, मला पण.

या फसवणुकीला जो शब्द आहे तो तुमच्याच धंद्यातला आहे. 'फिशिंग', म्हणजे मासे धरणे. गरीला आमिष लावून पाण्यात सोडायची आणि वाट बघायची. अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात चोरट्यांनीच हा शब्द रूढ केला. त्यांनी स्पेलिंग मात्र बदलले. माशाचे 'एफ' काढून 'फोन'मधले 'पी-एच' घातले. त्यांच्या आधी तिथे टेलिफोन कंपनीला फसवून फुकट फोन करणाऱ्यांची एक टोळी होऊन गेली होती. तिची ती खूण. आमिष दोन प्रकारचे असते. एक भीतीचे, "खाते बंद होईल, वीज तोडू." दुसरे लोभाचे, "बक्षीस लागले." काकींना आलेला मजकूर भीतीचा होता. आणि एक कडू गोष्ट सांगतो. वाचता येत नव्हते तोवर काकींना या गरीचे भय कमी होते. आता त्या वाचतात, म्हणून आमिष त्यांच्यापर्यंत पोचले. म्हणून वाचन सोडायचे नाही. वाचलेल्या शब्दाचा अर्थ विचारायचा.

नको असलेल्या जाहिरातींचा जो ढीग येतो त्याला 'स्पॅम' म्हणतात. स्पॅम हे अमेरिकेतले डबाबंद मांस, १९३७ पासूनचे. १९७० साली इंग्लंडच्या दूरदर्शनवर एक विनोदी प्रवेश झाला. खाणावळीत जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि गिऱ्हाइके त्याच नावाचा इतका गजर करतात की दुसरे बोलणे ऐकू येत नाही. तिथून पुढे हे नाव पडले. त्याला वाचायचेही नाही, उत्तरही द्यायचे नाही.

एक शब्द मात्र आपल्याकडून तिकडे गेला आहे. 'अवतार'. १९८० नंतर अमेरिकेत संगणकावरचे खेळ करणाऱ्यांनी तो उचलला. खेळात आपल्या जागी जे चित्र वावरते तो आपला अवतार. दशावतार पाहणाऱ्यांना अधिक सांगायला नको. रात्री जो राजा होऊन तलवार फिरवतो, तो सकाळी डोक्यावर पेटारा घेऊन वाट चालतो. फोनवरचा चेहरा असाच समजा. खाकी कपडे घालून कोणी पडद्यावर आला आणि म्हणाला, "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा," तर तो दशावतारातला संकासुर आहे. फोनवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

बाजारात मासे विकणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक. तुमच्या टोपलीला तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन लावलेला असतो. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन लागतो तो देताना. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हणाले तर तो देत नाही, नेतो आहे.

तरीही एखाद्याकडून चूक झालीच, तर माझ्यासारखे चार दिवस तोंड झाकून बसू नये. सरकारचा एक फोन नंबर आहे. लगेच फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. तो मी फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहितो. एक, नऊ, तीन, शून्य. १९३०. सर्वांनी पाटीवर उतरून घ्या. काकी, चष्मा विसरलात काय? मग शेजारच्या वहिनींना विचारून लिहा.