सूत्र खाली ओढण्यापूर्वी
(मंडळाच्या हिशेब-लेखन वर्गात केलेले भाषण)



मी एका बँकेत लिपिक आहे. शिक्षण बी. ए.; संगणकाची कोणतीही पदवी माझ्याजवळ नाही. तरीही एक्सेलवर हिशेब कसा ठेवावा, यावर मी बोलावे असा मंडळाचा आग्रह झाला. मला या विषयातले पुष्कळ कळते असे नाही. परंतु या विषयात मी एक मोठी चूक केलेली आहे, आणि तीच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

१९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज आपल्या नाशिकच्या वस्त्यावस्त्यांतून असे गट आहेत. पूर्वी हिशेब वहीत असे, आता घरातील शिकलेली मुले तो संगणकावर घेतात. ही आनंदाची गोष्ट आहे.

नाशिकरोड भागातील अशाच एका गटाचे काम मी पाहत होतो. वीस सभासद, दरमहा दोनशे रुपये बचत. प्रत्येकीच्या एप्रिल ते मार्च अशा बारा ओळी आणि तेरावी ओळ बेरजेची. 'डी' रकान्यात बचत, 'ई' रकान्यात बेरीज. पहिली ओळ मथळ्याची, म्हणून पहिल्या भगिनीचे महिने ओळ २ ते १३ मध्ये आणि बेरीज ई १४ या घरात.

ही बेरीज वीस वेळा लिहावी लागत नाही. ई २ ते ई १४ ही तेरा घरे एकत्र निवडायची. त्यांपैकी बारा रिकामी, तेराव्यात सूत्र. मग उजव्या खालच्या कोपऱ्यातील बारीक चौकोन धरून खाली ओढायचे. पुढची बेरीज आपोआप ई २७ मध्ये येते आणि ती डी १५ ते डी २६ ची असते. कारण सूत्र घराचा पत्ता नव्हे, अंतर लक्षात ठेवते : 'डावीकडचा रकाना, माझ्या वरच्या बारा ओळी.' एकटे ई १४ ओढले, तर मात्र प्रत्येक ओळीत बेरीज उमटते. आणि जो आकडा सरकू नये, उदाहरणार्थ व्याजाचा दर, त्याच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लावावे लागते. एफ ४ हे बटण ते लावून देते.

पुढे दुसऱ्या पानावर प्रत्येकीची एकेका ओळीत गोषवारा-यादी हवी होती. येथे पुष्कळांची फसगत होते. पहिल्या घरात ई १४ आणि दुसऱ्यात ई २७ घेऊन दोन्ही खाली ओढली, तर तिसऱ्या घरात ई ४० येत नाही. ई १६ येते आणि चौथ्यात ई २९. दोन घरांचा ठसा दोनच ओळी पुढे सरकतो. तेराची उडी त्याला समजत नाही. म्हणून 'इंडेक्स' हे सूत्र वापरून सांगावे लागते की, यादीतील अनुक्रमांक गुणिले तेरा अधिक एक, इतकी ओळ घे. पहिलीसाठी १४, दुसरीसाठी २७, विसावीसाठी २६१. मीही तसेच केले. पहिल्या तीन बेरजा पाहिल्या, बरोबर होत्या. कागद छापला आणि सभेत वाचायला घेतला.

विसावे नाव पंचवटीच्या मार्केट यार्डातून भाजी आणून विकणाऱ्या एका मावशींचे होते. त्यांच्या नावापुढे १,२०० रुपये. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपले छोटे पासबुक काढले आणि म्हणाल्या, "भाऊ, मी बारा हप्ते भरलेत. निम्मे कुठं गेले?" सभा गप्प झाली आणि सगळ्यांच्या नजरा खजिनदार भगिनीकडे वळल्या. ज्या बाईने वर्षभर दारोदार जाऊन पै न पै जमा केली, तिच्यावर माझ्या सूत्रामुळे संशय आला. ते मी अद्याप विसरलेलो नाही.

चूक अशी होती. सातव्या भगिनी ऑक्टोबरमध्ये गटात आल्या, म्हणून मी त्यांना सहाच महिन्यांच्या ओळी दिल्या होत्या. सूत्र मात्र तेराचेच पाऊल टाकत राहिले. त्यांच्या १,२०० ऐवजी २,२०० झाले. आठवीपासून एकोणिसावीपर्यंत प्रत्येकीचे २,४०० ऐवजी २,२०० झाले. विसावीचे निम्मे गेले. जमा होती ४६,८०० रुपये, माझी यादी सांगत होती ४४,२००. रोकड वहीशी एकदा ताळा घेतला असता, तर हे २,६०० रुपये घरीच सापडले असते.

मोठमोठे विद्वानही यातून सुटलेले नाहीत. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा देशांच्या कर्जावरील एक निबंध २०१० साली गाजला. अनेक देशांत सरकारी खर्चकपातीच्या बाजूने त्याचा आधार घेतला गेला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांच्या एक्सेलच्या कागदात दिसले की सरासरीचे सूत्र ओळ ४९ पर्यंत जाण्याऐवजी ४४ वरच थांबले होते. वीसपैकी पाच देश गळाले होते. निबंधात इतरही दोष निघाले, पण हा दोष त्या लेखकांनीही मान्य केला.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, सभासद केव्हाही येवो, तिला बाराही ओळी द्या. न भरलेल्या महिन्यात शून्य लिहा. त्याहून बरे म्हणजे प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक लिहून 'समइफ' सूत्राने त्या क्रमांकाची बेरीज घ्या. मग ओळी कमीजास्त झाल्या तरी बिघडत नाही. दोन, पहिली ओळ तपासून थांबू नका. मधली एक आणि शेवटची तपासा. तीन, यादीची एकूण बेरीज रोकड वहीशी आणि बँकेच्या पासबुकाशी जुळल्याखेरीज कागद छापू नका.

मी पुढच्या सभेत सर्वांसमक्ष खजिनदार भगिनींची माफी मागितली. मावशींनी मात्र ते पासबुक अजून जपून ठेवले आहे, आणि ते त्यांनी तसेच जपावे असे मला वाटते. संगणक आपण दाखवू तेच पुन्हा पुन्हा करतो. बरोबर काय ते मावशींच्या पासबुकात होते.