कोंबडी आपली, बांग सगळ्यांची



शहरात घरामागे चार कोंबड्या पाळता येतात का? प्रश्न किरकोळ वाटतो. पण चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, बाबूपेठेत किंवा गडचिरोलीच्या एखाद्या वॉर्डात तो विचारून पाहा. काही म्हणतील, सरसकट बंदी आहे. काही म्हणतील, आपल्या सांदवाडीत आपण राजे. दोन्ही समजुती खऱ्या नाहीत. मी वकील नाही, कविता करणारा माणूस आहे. पण बी.ए. झालो म्हणून गल्लीतले अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. त्या निमित्ताने जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

चंद्रपुरात २०११ पासून महानगरपालिका आहे आणि तिला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू होतो. गडचिरोलीत नगर परिषद आहे, तिचा कायदा १९६५ चा. घरापुरत्या चार कोंबड्यांवर या कायद्यांत सरसकट बंदी नाही. त्यांचा भर आहे तो 'उपद्रव' या एका शब्दावर. मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्यात हे फार स्पष्ट लिहिले आहे. डुकरे पाळायची तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, आणि कोणतेही जनावर लोकांना उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने ठेवायचे नाही. म्हणजे कायदा कोंबड्या मोजत बसत नाही, तो कुंपण पाहतो. कुंपणापलीकडे तीन गोष्टी जातात: वास, आवाज आणि रोग. आमच्या जंगलपट्ट्यात चौथी एक गोष्ट पलीकडून येते, ती म्हणजे बिबट्या.

आधी वास. विष्ठा ओली राहिली की वास सुटतो, माशा होतात. धानाचे तूस आमच्याकडे भरपूर. ते खुराड्यात अंथरावे, ओले झाले की बदलावे आणि काढलेले खड्ड्यात टाकावे. नालीत नाही. एवढे केले तर स्वच्छता निरीक्षकाला तुमच्या दारात यायचे कारण उरत नाही. उपद्रव सार्वजनिक ठरला तर दंडाधिकारी तो हटवण्याचा आदेश काढू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १३३ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ झाले आहे.

दुसरा आवाज. आमच्या गल्लीत एक खाला आहेत, विधवा. सात-आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. अंड्यांच्या पैशांवर त्यांचे औषधपाणी चालते. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहायला आले. त्यांची झोप कमी. एक दिवस ते कुंपणाशी येऊन म्हणाले, "खाला, तुमचा कोंबडा रात्री तीनला ओरडतो हो." खाला म्हणाल्या, "गुरुजी, त्याले घड्याळ कुठं समजते?" गुरुजी तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. पाठोपाठ उत्तराचा अर्ज लिहून घ्यायला खालाही आल्या. मी दोघांनाही चहा दिला.

खरे तर कोंबड्याला घड्याळ समजते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही पहाटेच्या सुमारास आरवतो, कारण घड्याळ त्याच्या शरीरातच असते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण खरीच. पण झाकल्याने त्याचे आरवणेही थांबत नाही. मात्र एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. पिल्ले हवी असतील तरच लागतो. खालांचा कोंबडा सावली तालुक्यात त्यांच्या बहिणीकडे गेला, कोंबड्या राहिल्या. दोन्ही अर्ज कोरेच राहिले.

फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या कोंबड्याचे असेच भांडण कोर्टात गेले होते. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, आणि २०२१ मध्ये तिथे ग्रामीण भागातले आवाज आणि वास जपणारा कायदाही झाला. पण ती खेड्याची गोष्ट. भिंतीला भिंत लागून घरे असलेल्या शहरात असा दावा टिकणे कठीण.

तिसरा रोग. इथे कायदा कडक आहे आणि तो असायला हवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत आला. त्याच्या थोडे आधी नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले होते. पक्ष्यांचा रोग पक्ष्यांपुरता राहत नाही, तो असा. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आला तर कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पटापट मर लागली तर कोंबड्या नाल्यात फेकू नका, स्वस्तात विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रोग पसरू नये म्हणून सरकार जे पक्षी नष्ट करते त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवणारा गरीब माणूस असा दोन्हीकडून बुडतो. राणीखेतची लासोटा लस पहिल्या आठवड्यातच पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, ती मात्र चुकवू नका.

आता बिबट्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरात वाघ-बिबट्याने माणसे मारली, ते कोणी विसरलेले नाही. बिबट्या वस्तीत येतो तो कुत्री, डुकरे, शेळ्या, कोंबड्या यांच्यामागे. म्हणून खुराडे जाळीचे, मजबूत आणि दिवेलागणीला बंद हवे. पिसे, आतडी उघड्यावर टाकू नयेत. त्याला अडवायला कुंपणात वीज सोडू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात शेजाऱ्याचे पोरही मरू शकते. रानकोंबडीची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली ठेवणे हीसुद्धा वन्यजीव कायद्याच्या लेखी शिकारच. कोंबडबाजारात झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे.

धंदा करायचा असेल तर गोष्ट वेगळी. मांसविक्रीला परवाना लागतो. हजारो पक्ष्यांच्या शेडला प्रदूषण मंडळाचे नियम लागतात. आपल्या गावाचे उपविधी काय म्हणतात, हे चहाच्या टपरीवर ठरवू नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. लेखी उत्तर हाती असले की कोणी नुसत्या धाकावर तुमचे खुराडे उठवू शकत नाही.

मराठीत कोंबडाही बांग देतो आणि मशिदीतही बांग होते. शब्द फारसीतून आला आणि दोन्हीकडे रुळला. बांग म्हणजे हाक, आणि हाक कुंपणाशी थांबत नाही. कोंबडी ज्याची असेल त्याची असो, तिचे बरेवाईट सगळ्या गल्लीचे असते. म्हणून पहिली परवानगी शेजाऱ्याकडे मागावी. अधूनमधून त्याच्या घरी दोन अंडी पाठवावीत. त्याला कोणताही कायदा आड येत नाही.