गोष्टीतून भावनेचा शब्द
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतील अनेक शाळांत कोकणी मुसलमान कुटुंबांतील मुले येतात. घरी ती आपली बोली बोलतात, मदरशात अरबी पाठ करतात आणि शाळेत प्रमाण मराठी अथवा उर्दू शिकतात. इतक्या भाषा कानी पडत असूनही मनातले सांगण्याची वेळ आली की मूल 'बरे वाटले', 'वाईट वाटले' एवढ्यावर थांबते. यावरून त्याच्या भावना उथळ आहेत असे मानणे अन्यायाचे होईल.

माझाच अनुभव सांगतो. वर्गात मी प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा सांगत होतो. पोरका हमीद ईदच्या जत्रेत खेळणे न घेता, रोट्या भाजताना आजीची बोटे पोळतात म्हणून तीन पैशांचा चिमटा घेतो. वडील कमवावयास गेले आहेत, अशी त्याची समजूत; वस्तुतः ते वारलेले असतात. त्या ठिकाणी येताच एक मुलगा "पोटात दुखते" म्हणत उठला. मी त्यास दटावून बसविले. त्याचे वडील आठवड्यापूर्वीच रजा संपवून आखातात परतले होते, हे मागाहून कळले. दुखणे खरे होते. त्यास शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यास जवळ घेऊन विचारले, "बाबा गेले की दादी काय म्हणते?" तो म्हणाला, "जीव लागत नाय." मी फळ्यावर तेच शब्द लिहिले व शेजारी 'हुरहूर' असे लिहिले. मग वर्गास विचारले, "चिमटा पाहून आजी आधी रागावली, मग रडली, ते का?" कळवळा, कौतुक, माया हे शब्द मुलांनीच दिले.

तेव्हा विनंती अशी की, गोष्ट सांगताना आधी घरचा शब्द विचारावा, त्यास मान द्यावा, मग शाळेचा शब्द जोडावा. हिंमत, उमेद, शरम, नाराजी हे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीचेच झाले आहेत. उर्दूतही ते आहेत. तेथून आरंभ करणे सोपे. मात्र घरचे दुःख सर्वांदेखत सांगण्याचा आग्रह धरू नये. हमीदविषयी बोलता बोलता मूल स्वतःविषयी बोलते, तेवढे पुरे.

काही दिवसांनी तोच मुलगा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, आज हुरहूर लागली." त्यास मी शेजारी बसवून घेतले. आपल्या शाळांतून असे शब्द मुलांस लाभोत.