पोटांतील सोबती



पस्तीस वर्षें मीं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. गुण ही विद्येची खूण आहे, प्रत्यक्ष विद्या नव्हे, एवढें त्यांतून शिकलों. गेल्या वर्षीं मला मधुमेह जडल्याचें निष्पन्न झालें, तेव्हां हाच धडा पुन्हां गिरवावा लागला. एक स्नेही म्हणाले, "मास्तर, मळाची तपासणी करा. हितकारक जंतु कमी भरले तर त्यांच्या गोळ्या मिळतात."

त्यांतील एका जंतूचें नांव अकरमान्सिया. हॉलंडमधील वाखेनिंगेन येथील संशोधकांनीं इ. स. २००४ मध्यें त्याचें प्रथम वर्णन केलें आणि अंतोन आकरमान्स ह्या डच शास्त्रज्ञावरून त्यास हें नांव दिलें. आंतड्याला आंतून बुळबुळीत श्लेष्म्याचें अस्तर असतें. तेंच ह्या जंतूचें अन्न. स्थूल व मधुमेही माणसांत तो बहुधा कमी आढळतो, म्हणून त्याची विपुलता ही स्वास्थ्याची खूण समजली जाऊं लागली. इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेला बेल्जममधील तीन महिन्यांचा प्रयोग ३२ जणांनीं पुरा केला. उष्णतेनें निर्जीव केलेले हे जंतु ज्यांना दिले, त्यांच्या शरीरांत इन्शुलिनचें कार्य सुधारलेलें दिसलें. प्रयोग आशादायक खरा, पण लहान.

आतां दुसरी बाजू ऐका. इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत उंदरांच्या आंतड्यांत मानवी जंतु वाढविले आणि त्यांच्या आहारांतील चोथा काढून टाकला. तेव्हां अकरमान्सियासारखे श्लेष्मा खाणारे जंतु वाढले, अस्तर पातळ झालें, आणि रोगजंतूंना वाट मोकळी झाली. म्हणजे संख्या वाढली, पण आरोग्य ढासळलें! एकट्या आंकड्यावरून निकाल देणें किती धोक्याचें, हें ह्यावरून ध्यानीं येईल.

मीं गोळ्या घेतल्या नाहींत. डॉक्टरांचें औषध चालू ठेविलें, आणि ताटांत ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ व पालेभाजी बेताबेतानें वाढविली. वर्गांत एखाद्या मुलाचे गुण घसरले, तर छडी उचलण्यापूर्वीं मी त्यास विचारीत असें, "बाळ, सकाळीं कांहीं खाऊन आलास का?" आपल्या पोटांतील ह्या सोबत्यांविषयींही आधीं तोच प्रश्न विचारावा, असें मला वाटतें.