हौसेच्या आगगाडीचे तिकीट



वऱ्हाडात आगगाडीची गोष्ट निघाली की शकुंतलेचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, अशी ही अरुंद रुळांची गाडी. माझे आजोळ अंजनगावकडचे. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी आणि शकुंतला या दोन गोष्टी माझ्या मनात एकच होऊन बसल्या आहेत. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 रोजी काढले आणि त्या जागी डिझेलचे लावले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पुढे डिझेलही थांबले. आज दोन्ही फाट्यांवर ती गाडी नाही.

परंतु आज मी बोलणार आहे ते त्या गाडीविषयी नव्हे, तिच्या धाकट्या बहिणीविषयी. टेबलावर मांडायची, विजेवर चालणारी, हुबेहूब आगगाडी! हा छंद जगात पुष्कळांना आहे आणि मलाही आहे. कॉलेजात शिकवणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसाने असे कबूल करताना थोडा संकोच वाटतो. पण कबुली दिल्यावाचून पुढचा हिशेब मांडता येणार नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. जत्रेत मिळणारी, गोल फिरणारी पत्र्याची गाडी ती ही नव्हे. खरी गाडी घ्यायची आणि तिचे प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचे. तो आकडा बहुधा 87 असतो. म्हणजे साडेपाच फुटी स्टेशनमास्तर दोन सेंटिमीटरहून किंचित कमी भरतो. मूर्तिजापूर ते अचलपूर हा सुमारे 76 किलोमीटरचा मार्ग या मापाने कोणी आखायला घेतला, तर तो 874 मीटर लांब होईल. वेशीपासून शाळेपर्यंत आणि परत, एवढाच म्हणा ना! शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात घालून पाहावे. प्रमाण हा धडा फळ्यावर जितका रुक्ष वाटतो तितका तो नाही, हे मुलांना लगेच कळते.

या छंदाचा इतिहास थोडक्यात सांगतो. जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह आगगाडीचा संच मांडला. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांनी 1920 साली किल्लीच्या गाड्या काढल्या. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या काही घरांत या गाड्या आल्या, त्या बहुधा विलायतेहून परतणाऱ्यांच्या ट्रंकेतून. त्या काळी पौंड म्हणजे तेरा रुपये पाच आणे, आणि 1966 च्या अवमूल्यनापर्यंत तो साधारण तेवढाच राहिला. आज एका पौंडाला शंभरावर रुपये मोजावे लागतात. महागाईचे पहिले कारण तुम्हाला इथेच सापडले.

माझे स्वतःचे सांगतो. 2009 साली मुंबईच्या एका दुकानातून मी एक लहानसे इंजिन आणि दोन डबे घेतले. बेचाळीसशे रुपये पडले. पगार झाला होता आणि मन घट्ट केले होते. या वर्षी तशाच जातीच्या नुसत्या इंजिनाची चौकशी केली. दुकानदार म्हणाला, एकवीस हजार. डबे निराळे. घरी येऊन सांगितले तर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "तेवढ्यात समोरच्या दोन खोल्यांना रंग होतो." यावर काय बोलणार? इंजिन राहिले, खोल्यांना रंग झाला.

हे असे का झाले याचा मी थोडा शोध घेतला. पौंडाची गोष्ट झालीच. दुसरे म्हणजे सरकारी जकात. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवर 20 टक्के आयात कर होता, तो 2020 साली 60 टक्के झाला आणि 2023 साली 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आपल्या मानक संस्थेचा शिक्का सक्तीचा झाला. यामागचा हेतू मी वाईट म्हणणार नाही. मुलाच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्याला विषारी रंग नसावा, आपल्या देशातल्या कारागिराच्या हाताला काम मिळावे, हे कोणाला नको आहे? पण कायद्याच्या वहीत बाहुली, तीनचाकी सायकल आणि माझे इंजिन एकाच कलमाखाली येतात. बाहुली इथे हजारांनी होते. इंजिनाचे तसे नाही. अलीकडे देशातही काही हौशी मंडळी भारतीय डबे आणि इंजिने करू लागली आहेत, कोणी संगणकावर आराखडा काढून यंत्राने थरावर थर चढवून भाग छापून घेतो. काम सुरेख असते. परंतु पन्नास नग करायचे म्हटले की प्रत्येक नगावर सगळ्या खटाटोपाचा भार पडतो, आणि तेही महागच पडते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याबद्दल दुकानदाराला किंवा सरकारला बोल लावता येत नाही. ही वस्तू पूर्वी मुलांची होती. ओतीव धातूचे जाडेभरडे इंजिन, पडले तरी मोडत नसे. पुढे ती मुले मोठी झाली, त्यांच्या हाती पैसा आला आणि त्यांनीच ती पुन्हा विकत घ्यायला सुरुवात केली. मोठ्या माणसाची नजर वाईट! त्याला प्रत्येक रिव्हेट दिसायला हवा, पायरीची दांडी वेगळी बसवलेली हवी, शिट्टीचा आवाज खरा हवा. मग एका इंजिनाला शेकडो बारीक भाग आले. ते हातांनीच बसवावे लागतात. इंग्लंडात हे परवडेना म्हणून 1990 नंतर तिथल्या बड्या कंपनीने काम चीनला नेले. पुढे चीनमधली मजुरीही वाढली. त्यातच इंजिनाच्या पोटात संगणकाची चकती बसू लागली, तिच्यामुळे एकाच रुळावर दोन गाड्या निरनिराळ्या वेगाने चालवता येतात. आज विलायतेत चांगल्या इंजिनाला दीडशे ते तीनशे पौंड पडतात, आणि तिथले लोकही कुरकुरतात. म्हणजे आम्हीच मागणी वाढवत नेली आणि ज्याच्यासाठी वस्तू निघाली तो दहा वर्षांचा पोरगा दुकानाबाहेर राहिला.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. 1998 साली ते लोकांसाठी खुले झाले. एका माणसाने हयातभर जमवलेल्या नि जुळवलेल्या गाड्या तिथे तिकीट काढून कोणालाही पाहता येतात. सिग्नल पडतो, गाडी सुटते, पुलाखालून दुसरी जाते. मी प्रथम पाहिले तेव्हा दोन खेळ बसून पाहिले आणि माझी परतीची गाडी चुकली. ज्यांना पुण्याला जाण्याचा योग असेल त्यांनी मुलांना अवश्य न्यावे. विकत घेणे वेगळे आणि पाहणे वेगळे. पाहण्याला अजून फारसे पैसे पडत नाहीत.

पण तिथेही मी शोधत होतो ती गाडी मला माझ्या टेबलावर हवी होती, आणि ती कुठल्याच दुकानात नाही. जरा बारकाईने पाहा. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. त्याला 87 ने गुणले की 1435 मिलिमीटर येतात. हे युरोपातल्या रेल्वेचे माप. आपली बडनेऱ्याची मोठी लाइन 1676 मिलिमीटरची. ती त्या रुळांवर बसवायची म्हणजे धोतर नेसणाऱ्याला पाटलोण चढवण्यासारखे. शकुंतलेचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागले तर पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. रूळ जुळले. इंजिन? डबे? ते कोणीच केलेले नाहीत. एकवीस हजार खिशात असते तरी शकुंतला आली नसती.

गेल्या दिवाळीच्या आधी अंजनगावकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जाण्याचा योग आला. तिथले गुरुजी माझे जुने विद्यार्थी. त्यांच्या आग्रहावरून माझे ते 2009 सालचे इंजिन आणि रुळांचे एक वर्तुळ बरोबर नेले होते. इंजिन धावले आणि मुलांनी टेबलाला वेढा घातला. एक पोरगा मात्र मागे उभा होता. त्याने विचारले, "सर, हे केवढ्याले हाय?"

मी जुनी किंमत सांगितली. तो म्हणाला, "तवाचं नाही. आता घ्याचं झालं तं?"

मी खरे ते सांगितले. एकवीस हजार.

"बाप्पा! एकवीस हजारात तं गोऱ्हा येते."

वर्ग हसला, मीही हसलो. पण तो पोरगा हसला नाही, आणि नंतर टेबलाजवळही आला नाही. काचेपलीकडची वस्तू काचेपलीकडेच ठेवायची, हे त्याने आपल्यापुरते ठरवून टाकले होते. मला ते फार लागले. मी इंजिन पेटीत घातले तेव्हा आपण मुलांना काही दिले की काही हिरावून घेतले, हे मला नीट कळेना.

गुरुजी माझ्यापेक्षा व्यवहारी निघाले. म्हणाले, "सर, आपल्या गाडीचा रूळ तर इथून हाकेवर आहे." दुसऱ्या दिवशी टेप घेऊन सगळी पलटण निघाली. गवत बाजूला सारून मुलांनी दोन रुळांमधले अंतर मोजले. कोणाचे 76 सेंटिमीटर आले, कोणाचे 77. मग भांडण, मग पुन्हा मोजणी. स्लीपर साधारण दीड मीटर भरला. शाळेत येऊन माप ठरले: एका मीटरला चार सेंटिमीटर, म्हणजे पंचविसावा भाग. 87 चा हट्ट आम्ही सोडला. इतके बारीक काम कात्रीने होत नाही. पंचविसाव्या भागाने रुळांचे अंतर तीन सेंटिमीटर आले आणि स्लीपर सहा सेंटिमीटरचा. आइसकांडीची काडी मधोमध कापली की जवळजवळ तेवढीच होते! हा शोध कोणी लावला म्हणता? त्याच गोऱ्हेवाल्या पोराने.

खर्चाचा तपशील गुरुजींनी लिहून ठेवला आहे, तो सांगतो. गोंद 70 रुपये, लहान मोटारी दोन 120, सेल आणि तार 95, काड्यांची पाकिटे 100, रंग 155. एकूण 540. पुठ्ठा जोड्यांच्या दुकानातून फुकट, रुळांसाठी बांबूच्या कामट्या मुलांनी आणल्या.

मी तुम्हाला फसवणार नाही. ही गाडी माझ्या विलायती इंजिनासारखी धावत नाही. सरळ मार्गावर बरी चालते, वळणावर घसरते. पुठ्ठ्याची चाके पावसाळी हवेत फुगतात, म्हणून लहान चकतीवर मोठी चकती चिकटवून बघितली, पण दोन्हींचा मध्य एक येईना. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा वरखाली होत जातो ना, ती मौज तर आमच्या गाडीत मुळीच नाही. पैशाने नजाकत मिळते, हे खरेच आहे. आणि ती हवीशी वाटणाऱ्याला मी हिणवणार नाही, कारण मला ती अजून हवी आहे. चाकांचा प्रश्न मात्र सुटायचा आहे. श्रोत्यांपैकी कोणी सुतारकाम किंवा कातकाम जाणणारे असतील तर त्यांनी आपल्या गावच्या शाळेत हा प्रयोग करून पाहावा. आम्हाला जमले नाही ते त्यांना जमेल.

डब्यांचे काम मात्र चांगले उतरले आहे. खिडक्या, लाकडी बाके, दारातली कडी, सगळे आहे. अडले ते रंगाशी. गावात दोन वृद्ध गृहस्थ आहेत, दोघांनीही उमेदीची वर्षे या गाडीने प्रवास केला. मुले विचारायला गेली. एक म्हणाले डबा तांबडा होता. दुसरे म्हणाले, छे, निळा. दोघेही शाळेत आले, ओट्यावर बसले, आणि कोणत्या साली कोणता डबा होता यावरून तासभर वाद झाला. शाळा सुटली तरी मुले हलेनात. शेवटी गुरुजींनी दोन्ही रंगांच्या लहान डब्या आणल्या. सध्या एक डबा तांबडा आहे, एक निळा. तिसरा अजून कोराच ठेवला आहे.