खाणीचीं जुनीं यंत्रें व आपलें कर्तव्य



धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवांत मंदिराच्या वास्तूविषयीं पुष्कळ बोलणें झालें. आम्ही आज दुसऱ्या एका वास्तूविषयीं चार शब्द बोलूं इच्छितों. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीजच्या खाणींनीं आपल्यांतील कित्येक घराण्यांस अन्न दिलें. खाणींचें काम आजहि चालू आहे. परंतु यंत्र निकामी झालें कीं तें भंगारांत जातें, चाळ खचली कीं ती पाडली जाते. त्यांत शोक करण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील.

१८९६ सालीं ह्या प्रांतांत सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली. तिच्यामागून विलायती कंपनी आली; आणि १९६२ सालीं ती मालमत्ता सरकारच्या भागीदारीनें निघालेल्या, आज ‘मॉइल’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे गेली. मँगॅनीजवांचून चांगलें पोलाद होत नाहीं. गंधकामुळें लोखंडास येणारा ठिसूळपणा तें दूर करतें. १९०९ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनीं ह्या खनिजावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व इकडील एका खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हें नांव दिलें. खडकास गोंडांचें नांव मिळालें. परंतु ज्या स्त्रीपुरुषांनीं तो घणानें फोडला, त्यांचीं नांवें कोणत्या ग्रंथांत आहेत?

जुन्या यंत्रांकडे आम्ही ह्याच दृष्टीनें पाहतों. आरंभीं सर्व काम हातांचें. सबलीनें खणावें, हातोडीनें फोडावें, दगड निवडून टोपलींत भरावा व टोपली डोक्यावरून वाहावी. खाण खोल गेली म्हणजे विवराच्या तोंडाशीं लोखंडी मनोरा, त्यावर चाक, चाकावरून तारेचा दोर व दोरास पिंजरा, अशी रचना येते. खालून घंटेची खूण यावी आणि वरच्या चालकानें ती ऐकून पिंजरा हलवावा. त्या एका हातावर कितीजणांचे प्राण अवलंबून! अशा चाकाची घासलेली कड ही एका मनुष्याच्या सावधपणाची साक्ष होय. परंतु सर्वच कष्ट लोखंडावर उमटत नाहींत. मँगॅनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आंत गेल्यास मज्जातंतूंस इजा होऊन पायांची शक्ति जाते, हें स्कॉटलंडच्या कूपर नामक वैद्यानें १८३७ सालींच लिहून ठेविलें होतें.

आपल्या श्रद्धेचा व ह्या खनिजाचा मार्गहि एका ठिकाणीं मिळतो. संत फ्रान्सिस दि सेल्सच्या संघाचे मिशनरी १८४६ सालीं विशाखापट्टणम येथें पोहोंचले, व त्यांच्या परिश्रमांतून पुढें १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत उभा राहिला. त्याच विशाखापट्टणमचें बंदर १९३३ सालीं सुरू झालें, तें मुख्यतः मध्यप्रांतांतील मँगॅनीज परदेशीं धाडण्यासाठीं. ज्या वाटेनें सुवार्ता आंत आली, त्याच वाटेनें आपल्या वाडवडिलांचे श्रम बाहेर गेले.

ईयोबाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायांत खाणकऱ्यांचें वर्णन आहे. मनुष्य अंधारांत शिरून धातु शोधून काढतो. परंतु ज्ञान मात्र त्यास खाणींत सांपडत नाहीं, तें देवापाशींच आहे. श्रमाचें मोल ओळखणें हें त्याच ज्ञानाचें अंग आहे, अशी आमची श्रद्धा आहे.

म्हणून आमची विनंति अशी कीं, प्रत्येक घरानें आपल्या खाणकरी पूर्वजांचीं नांवें, त्यांचें काम व गांव लिहून धर्मगुरूंकडे द्यावें. जुना दिवा, बिल्ला किंवा छायाचित्र असल्यास मोडींत घालूं नये. एखादें जुनें चाक तरी जागेवर राखावें, असा विनंतिअर्ज आपण सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसह व्यवस्थापकांकडे करावा. आणि येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, तीं नांवें वेदीपुढें वाचलीं जावींत. लोखंड गंजेल; परंतु जीं नांवें आपण प्रार्थनेंत घेऊं तीं गंजणार नाहींत.

खाणकऱ्यांची आश्रयदात्री संत बार्बरा आपणांसाठीं विनंती करो, व प्रभूची कृपा आपणां सर्वांवर असो.